पडण्याची खोली

प्रिय ढब्बू,

आता तू काडीसारखा झालास आणि चाळिशीला टेकलास, तरी माझ्यासाठी ढब्बूच. पत्र बघून दचकू नकोस. ते घरी न येता तुझ्या छापखान्याच्या पत्त्यावर का आलं, म्हणून तिथली मंडळी चिडवतील, तर खुशाल चिडवू दे. थोरल्या बहिणीचं आहे म्हणून सांग, म्हणजे त्यांचा सगळा रस जाईल. फोन का केला नाही तेही सांगते, पण जरा थांब. सकाळपासून लिहायला बसते आहे. चार ओळी लिहिते, उठते, गॅलरीत कपडे वाळलेत का बघायला जाते, ते मघाशीच काढून आणल्याचं आठवतं, परत येते. शेजारी कोणीतरी भिंतीला भोकं पाडतंय. रविवारीच माणसाला भिंतीला भोकं पाडायची हौस का येते, कोण जाणे.

आधी तुझं बोलू. त्या परमुलखातल्या नकाशांच्या छापखान्यातून आलेला होकार तू फोनवर वाचून दाखवलास, तेव्हा तुझा आवाज शाळेतल्यासारखा चिरकला होता. मी चिडवलं नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, एका हाताने जेवत दुसऱ्या हाताचं बोट नदीवरून फिरवणारा तू. आईने किती वेळा तो नकाशा ओढून घेतला असेल! आई गेली त्या वर्षी हीच नोकरी तू नाकारलीस आणि मला म्हणालास, तिकडची हवा मानवणार नाही. हवा म्हणे! तुला आयुष्यात धड सर्दी कधी झाली नाही. बाबांना एकटं टाकायचं नाही हे तू बोलला नाहीस, मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला घरी यावं लागलं असतं. या खेपेला मात्र मीच हट्ट धरला. म्हटलं, डोळे मिटून जा. बाबांच्या मनगटावर आमच्या कंपनीचा पट्टा आहे. ते पडले की तुझ्या, माझ्या आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या फोनवर एकदम बोंब होईल, डॉक्टर जिना चढून येतील, आणखी काय हवं? तू आढेवेढे घेत होतास, शेवटी पट्ट्याच्या भरवशावर हो म्हणालास. माझ्याच भरवशावर, खरं तर.

बाबांच्या बातम्याही तू छान सांगतोस. बागेतल्या फिरण्याच्या मंडळींत एक बाई नव्याने येऊ लागल्यात आणि तेव्हापासून आपले तीर्थरूप एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात, मनगटापर्यंत बटणं लावून, हे ऐकून मी इतकी हसले की हातातला चहा सांडला. जन्मभर अर्ध्या बाह्या, पायात बूट आणि गळ्यात शिट्टी अशा अवतारात हिंडलेला माणूस! म्हटलं, उशिरा का होईना, हौस आली.

आमच्या ऑफिसात काम चालतं की सर्कस, असं तू नेहमी विचारतोस. आज नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या मोठ्या दालनाच्या मधोमध एक पितळी घंटा टांगलेली आहे. कोणाला नवीन काही सुचलं आणि ते चालवून दाखवता आलं, की त्याने जाऊन घंटा वाजवायची. मग सगळे हातातलं काम टाकून टाळ्या वाजवतात. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कोणाच्या नावावर किती घंटा ते दिसत असतं. शुक्रवारी सगळे जमतात, केक कापला जातो आणि आमचा मुख्य भाषण करतो. आपण सगळे एकाच बोटीत आहोत, हे त्याचं लाडकं वाक्य, म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणतात. त्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तोच आधी हॉस्पिटलात आला होता, आणि अजूनही शुक्रवारी खुर्च्या मांडायला तोच पुढे असतो. तुला माहीत आहे ना, मी कुठल्या ऑफिसातून इथे आले होते? तिथे खिडकी उघडायलाही वरिष्ठांची परवानगी लागायची. इथे पहिल्याच दिवशी कप्तानाने मला विचारलं, तुला काय वाटतं? मला काय वाटतं हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. माझी पहिली घंटा वाजली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

आणि खोटं कशाला बोलू, त्या घंटेने काम होतही होतं. सुरुवातीला आमचा पट्टा डोळ्यांदेखत सुधारत गेला. घाबरट माणसंही बोलायला लागली, पोरं नवनवीन काढत होती, मोठ्या कंपन्या आमच्याकडे बघायला यायच्या. मग हळूहळू काय झालं, की घंटा नव्याचीच वाजते हे सगळ्यांच्या लक्षात आलं. जुनं दुरुस्त केलं तर कोणी वाजवत नाही. पगारवाढ घंटांवर, कौतुक घंटांवर, मग शहाणा माणूस दुरुस्तीच्या नादी लागेल कशाला? आमचा पट्टा आता झोप मोजतो, पाणी प्या म्हणून हटकतो, मूड ओळखून गाणी सुचवतो. पण पडलेलं माणूस ओळखायचं, ज्यासाठी तो मुळात जन्माला आला, ते काम जिथल्या तिथे राहिलं. त्या कामावर आधी चांगली टोळी होती. एकेक करून सगळे घंटा असतील तिकडे गेले. उरलो मी आणि एक चष्मा. त्याच्या चष्म्याच्या काचा एवढ्या जाड आहेत की बाकी चेहरा कोणाला आठवत नाही, म्हणून त्याचं नावच ते पडलं.

मी उठून पाणी पिऊन आले. मुद्द्यावर येते आहे, खरंच.

आमच्याकडे एक पडण्याची खोली आहे. तुला मागे सांगितलं होतं, तू हसून लोळला होतास. चारी बाजूंनी जाड गाद्या, आणि मनगटाला पट्टे बांधून पोरं त्यांवर पडत असतात. पडणं म्हणजे काय असतं हे पट्टा त्यांच्याकडूनच शिकला. कुठे किती जोराचा झटका बसला, हात किती वेगाने खाली आला, हे सगळं त्याने टिपून ठेवलं. कप्तानाला प्रत्येक गोष्टीत मजा हवी, म्हणून तिथे स्पर्धा लागल्या. कोण जास्त झोकात पडतं, कोणाच्या पडण्याने भिंत हलते. यात एक मुलगी सगळ्यांना भारी. ती पडली की खालच्या मजल्यावरचे वर बघायचे. तिचं नाव धप्पी. मी हे सगळं बाबांना रंगवून सांगितलं होतं, तेव्हा ते हसले नव्हते. ही कसली पडायची रीत, पोरं हातपाय मोडून घेतील, त्यांना शिकवायला कोणी नाही का, असं म्हणाले होते.

तुला शाळेचा तो हॉल आठवतो? आपल्या बाबांनी व्यायामशिक्षक म्हणून उभा जन्म काढला, आणि इतर शाळांतली मुलं कोलांट्या उड्या शिकत असताना आपण आधी पडायला शिकलो. गुडघे सोड, हनुवटी छातीला, श्वास बाहेर, जे हाताला लागेल त्याचा आधार घेत खाली ये, आणि आवाज करायचा नाही. आवाज आला म्हणजे कुठेतरी हाड जमिनीशी भांडतंय, असं म्हणायचे. तू पोत्यासारखा आदळायचास आणि ते पुन्हा पुन्हा करून घ्यायचे, तू रडकुंडीला येईपर्यंत. मला लवकर जमलं. बाबांसारखं मात्र कोणालाच जमलं नाही. ते पडायचे तेव्हा पाठमोऱ्या मुलांना कळायचंही नाही.

आता मागच्या रविवारचा तुझा फोन आठव. कुकरची शिट्टी, तुझी भांड्यांची आदळआपट आणि मधेच तू हसत हसत सांगितलंस, की तू कामावरून आलास तर बाबा बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेले, भिंतीला पाठ, पाय लांब केलेले. विचारलं तर म्हणाले, फरशी गार लागते म्हणून बसलो. तू म्हणालास, म्हातारा लहान पोर झालाय. आणि पुढे म्हणालास, पट्टा गप्प होता म्हणजे पडले नव्हते हे नक्की, नाहीतर माझी तंतरलीच असती.

मीही हसले तेव्हा. फोन ठेवला, आणि मग माझं कशात लक्ष लागेना. केर काढलेल्या खोलीचाच पुन्हा केर काढला. जेवण गेलं नाही. पट्टा गप्प होता म्हणजे पडले नव्हते, हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना, कारण बाहेर जाहिरातीत आम्ही जवळजवळ हेच लिहितो.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा मी पडण्याच्या खोलीत गेले. पट्टा बांधला, भिंतीशी उभी राहिले आणि बाबांनी शिकवलं होतं तशी खाली आले. गुडघे सोडले, श्वास सोडला, भिंतीला घासत गेले. या वयात अंग विसरलं असेल असं वाटलं होतं, पण नाही विसरलं. पट्टा गप्प. मग खुर्ची धरून पडले, दाराची कडी धरून पडले, गादी बाजूला सारून फरशीवर पडले. गप्प. मी जमिनीवर, पाय लांब करून, आणि पट्ट्यावर लिहून येतंय की बराच वेळ बसून आहात, थोडं चालून या! ढब्बू, मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. तेवढ्यात धप्पी आली. मला तशी बसलेली बघून आधी खिदळली. मी म्हटलं, तू पड बघू अशी. तिला येईना. हळू पडायचं म्हटलं तरी धप्पकन आदळायची आणि पट्टा लगेच ठणाणा करायचा. मग ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, माझी आजी अशीच खाली बसते, आम्हाला वाटायचं दमली असेल.

म्हातारी माणसं तरुणांसारखी पडत नाहीत रे. ती काहीतरी धरतात, घसरतात, खचत जातात. एवढी साधी गोष्ट इतक्या हुशार लोकांना सुचली नाही, कारण खोलीत एकही म्हातारा माणूस नव्हता आणि पडणं हा खेळ झाला होता. पण तुला एक सांगते, जे मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. त्या फरशीवर बसलेली असताना माझ्या मनात पहिला विचार बाबांना लागलं असेल का, हा नव्हता. पहिला विचार हा होता, की बाबांना इथे आणून पाडून बघितलं तर केवढी नवीन गोष्ट हाती येईल. माझ्या डोक्यात घंटा वाजली. वडील आठवायच्या आधी घंटा. मला माझीच किळस आली आणि मी तिथून जवळजवळ पळत बाहेर आले.

चष्म्याला सांगितलं, तर तो चष्मा काढून पुसत राहिला. त्याला अंदाज होता. पट्टा वाजला नाही, अशा तक्रारी कधीपासून येत होत्या. पण पडद्यावर फक्त खोटे इशारे मोजतात. कोणी टेबलावर हात आपटला आणि पट्टा उगाच ओरडला, तर तो एक खोटा इशारा. ते कमी झाले म्हणून वर्षभर केक कापले आम्ही. आणि जे वाजलंच नाही ते मोजणार कसं, असं तो मलाच विचारत होता. दुरुस्तीला कित्येक महिने लागतील, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसावं लागेल, आणि तेवढ्या काळात त्याच्या नावावर एकही घंटा पडणार नाही. त्याच्या घरी जुळी आहेत.

म्हणून परवाच्या शुक्रवारी मी उभी राहिले. नव्याशिवाय एक घंटा शुक्रवारी चूक कबूल करणाऱ्यालाही मिळते आमच्याकडे, तीही रीतच आहे. लोक खुदकन हसू येईल अशा गोंडस चुका शोधून आणतात. मी सगळं सांगितलं. तिथेच पडूनही दाखवलं, भर दालनात, भिंतीला धरून. मग कप्तान पुढे आला. त्याचे डोळे ओले होते, खोटे नव्हते. त्याने मला जवळ घेतलं, म्हणाला, हीच आपली ताकद, आपण इथे काहीही बोलू शकतो. आणि स्वतः जाऊन घंटा वाजवली. टाळ्याच टाळ्या. मी टाळ्या थांबायची वाट बघत होते. थांबल्यावर विचारलं, दुरुस्तीला माणसं कोण देणार, आणि पट्टा घेतलेल्या घरांना कधी कळवायचं? तो म्हणाला, पुढच्या तिमाहीत नक्की घेऊ, आत्ता हसणं ओळखणारी सोय बाजारात जायची आहे, सगळे त्यात आहेत. मग केक आला. माझ्या टेबलावर क्रीमचं फूल असलेला तुकडा कोणीतरी प्रेमाने ठेवून गेलं. घंटा वाजली की काम झालं, असं तिथल्या प्रत्येकाला मनापासून वाटतं. मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं.

उद्या दुपारपर्यंत कप्तानाने त्या घरांना कळवलं नाही, तर मी माझ्या सहीने कळवणार आहे. त्याला तसं सांगून आले. तो म्हणाला, तू दमली आहेस, थोडी विश्रांती घे. त्यानंतर माझी तिथली खुर्ची राहील असं वाटत नाही, आणि मला वाईट वाटतंय, कारण ती जागा मला आवडायची. पण तो विषय माझा. तुला कळवायचं पहिलं घर आपलंच आहे.

फोन केला असता, पण तू मला स्पीकरवर टाकून स्वयंपाक करतोस आणि बाबांचे कान अजून शाबूत आहेत. त्यांनी ऐकलं असतं तर ते आणखी सफाईने पडायला लागले असते. फरशी गार लागते म्हणून ते बसले नव्हते, ढब्बू. तू यावेळी तरी जावंस म्हणून ते गप्प आहेत, आणि पट्टा त्यांना साथ देतोय. हे वाचल्यावर तू पहिली गोष्ट काय करशील ते मला ठाऊक आहे, नोकरीला नकार कळवायला बसशील. म्हणूनच कालपासून हे पत्र लिहवत नव्हतं. नकार कळवू नकोस. मी गुरुवारी येते आहे, राहायलाच येते आहे, किती दिवस ते विचारू नकोस. तू ठरल्या दिवशी जा, आणि तिकडची हवा मानवली नाही तर माझ्याशी गाठ आहे. तोवर पट्ट्याच्या गप्प राहण्यावर एक क्षणही विश्वास ठेवू नकोस. आज घरी गेलास की बाबांच्या शर्टाची बटणं सोडव आणि बाह्या वर करून बघ. ते चिडतील, बागेतल्या बाईंची शपथ घालतील, तरी बघ. कोपरं दुखावलेली असतील तर रागावू नकोस. मलम लाव, शेजारी बस, आणि ताईने सांगितलंय म्हणून सांग, की बाबा, आता पडाल तेव्हा आवाज करा.

तुझीच,
ताई